गिटार वाजवता न येणाऱ्या रेडिओ मेकॅनिकने जगाला गिटारचा अ‍ॅम्प दिला, पण स्वतःच्या नावावरचा हक्क मात्र गमावला

धानाची कापणी उरकते, दिवाळी होते आणि भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. साकोली असो, लाखांदूर असो, पवनी असो की तुमसर, दिवसा गावात मंडई भरते आणि रात्री कुठे झाडीपट्टीचं नाटक रंगतं, कुठे दंडार, तर कुठे ऑर्केस्ट्रा. थंडी वाढत जाते, लोक शाली-ब्लँकेटं पांघरून बसतात आणि कार्यक्रम पार पहाटेपर्यंत चालतो.

अशा ऑर्केस्ट्रात गिटारवाला असेल तर जरा त्याच्याकडे लक्ष द्या. एका गाण्यात त्याला स्वच्छ, मोकळा आवाज हवा असतो. पुढच्या गाण्यात फाटल्यासारखा, खरखरीत, रॉक पद्धतीचा आवाज लागतो. त्यानंतर लगेच एखादं भीमगीत, तिथे पुन्हा वेगळा बाज. दर वेळी मागे वळून अ‍ॅम्पची बटणं फिरवायला वेळ कुठला? म्हणून तो पायाजवळचं एक छोटं बटण दाबतो आणि क्षणात गिटारचा आवाज बदलतो.

त्या एका दाबाने बदलतो तो अ‍ॅम्पचा चॅनल.

नवा अ‍ॅम्प घ्यायला नागपूर गाठलं की सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एक चॅनलचा घ्यावा की दोन? तीन चॅनलचा घेतला तर जास्त चांगला का? जास्त बटणं म्हणजे जास्त आवाज का? पैसे मोजकेच असतात आणि एकदा घेतलेला अ‍ॅम्प पुढची पाच-दहा वर्षं सांभाळायचा असतो. त्यामुळे चूक महागात पडते.

या प्रश्नाचं उत्तर समजून घ्यायचं असेल तर एका माणसाची गोष्ट माहीत असायला हवी. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. इलेक्ट्रॉनिक्सचं त्याने कुठलंही शिक्षण घेतलं नव्हतं. शिकला होता अकाउंट्स. तरीही आज जगात विकल्या जाणाऱ्या बहुतेक गिटार अ‍ॅम्पमध्ये त्याच्या डोक्यातून निघालेलं काही ना काही सापडतंच.

त्याचं नाव लिओ फेंडर.

संत्र्याच्या बागेतला मुलगा

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. गाव अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियामधलं, अनाहाइम आणि फुलर्टन यांच्या मधलं. आईवडिलांची संत्र्याची बाग होती. त्या वेळी घराचं काम पूर्ण झालेलं नव्हतं, त्यामुळे लिओ जन्मला तो बागेतल्या कोठारात. आपल्या विदर्भातल्या माणसाला संत्र्याच्या बागेतलं बालपण वेगळं समजावून सांगायला नको.

आठ वर्षांचा असताना त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवला गेला. आयुष्यभर तो एकाच डोळ्याने काम करत राहिला.

त्याला वळण लावलं ते मामा-काकांच्या नात्यातल्या जॉन वेस्ट यांनी. सांता मारिया गावात त्यांचं गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. लिओ तेरा-चौदा वर्षांचा असताना त्यांनी त्याला एक खोकं पाठवलं. त्यात रेडिओचे निकामी झालेले सुटे भाग आणि एक बॅटरी होती. पुढच्या वर्षी लिओ त्यांच्या दुकानात गेला. तिथे त्यांनी सुट्या भागांपासून बनवलेला एक रेडिओ दुकानाच्या दर्शनी भागात मोठ्या आवाजात वाजत होता. त्या आवाजाने लिओ जो भारावला तो कायमचाच. घरी परतल्यावर त्याने शेजारपाजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करायला घेतले.

थोडंफार पियानो आणि सॅक्सोफोन तो वाजवायला शिकला, पण त्यात त्याचं मन रमलं नाही. त्याला वाद्य वाजवण्यापेक्षा आवाज कुठून आणि कसा येतो यातच जास्त रस होता.

नोकरी गेली आणि दुकान उघडलं

१९२८ मध्ये शाळा संपली. पुढे ज्युनिअर कॉलेजमध्ये त्याने अकाउंट्सचा विषय घेतला. मग बर्फ आणि शीतगृहाच्या एका कंपनीत आधी माल पोचवायचं काम मिळालं, नंतर हिशेब लिहायचं. याच काळात एका बँडवाल्याने त्याला विचारलं की नाचगाण्याच्या कार्यक्रमांसाठी लाउडस्पीकरची यंत्रणा बनवून देशील का. लिओने अशा सहा यंत्रणा बनवून दिल्या.

१९३४ मध्ये एस्थर क्लॉस्की हिच्याशी त्याचं लग्न झालं. सरकारी रस्ते विभागात त्याला हिशेबनिसाची नोकरी लागली. पण तो जागतिक मंदीचा काळ होता. ती नोकरी गेली. मग एका टायर कंपनीत काम मिळालं, तेही सहा महिन्यांत सुटलं.

हातात नोकरी नाही, घर चालवायचंय आणि येतंय काय, तर रेडिओ दुरुस्ती. १९३८ मध्ये लिओने ६०० डॉलर कर्ज काढलं आणि फुलर्टनला परत येऊन रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. नाव ठेवलं फेंडर रेडिओ सर्व्हिस.

आपल्याकडे तालुक्याच्या बाजारात एक दुकान असायचं, जिथे रेडिओ, टेप, मिक्सर आणि मंडपवाल्याचा साउंड असं सगळंच दुरुस्तीला यायचं. लिओचं दुकान तसंच होतं. आसपासचे वादक आपले बिघडलेले अ‍ॅम्प आणि माइक घेऊन तिथे येऊ लागले. ते कुठे तुटतात, काय जळतं, कुठली तार सैल होते, हे लिओ रोज बघत होता. हीच त्याची इंजिनिअरिंगची डिग्री ठरली.

अ‍ॅम्प करतो तरी काय?

इथे दोन मिनिटं थांबून तांत्रिक भाग समजून घेऊ, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याचा पिकअप असतो. तार हलली की त्यात अगदी क्षीण वीज तयार होते. एवढ्याशा विजेने स्पीकर हलत नाही. म्हणून ती दोन टप्प्यांत वाढवली जाते. पहिला टप्पा प्रीअ‍ॅम्प. तिथे आवाजाचा पोत ठरतो: बेस किती, ट्रेबल किती, स्वच्छ की खरखरीत. दुसरा टप्पा पॉवर अ‍ॅम्प. तो त्या आवाजाला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो.

चॅनल म्हणजे या पहिल्या टप्प्यातली एक स्वतंत्र वाट. दोन चॅनल म्हणजे आवाजाला घडवणाऱ्या दोन वाटा, ज्या पुढे एकाच पॉवर अ‍ॅम्पमध्ये आणि स्पीकरमध्ये येऊन मिळतात. त्यामुळे चॅनल वाढले म्हणून आवाज मोठा होत नाही. आवाजाचे प्रकार वाढतात, एवढंच.

लिओच्या सुरुवातीच्या काळात चॅनलचा उपयोग अगदी साधा होता. त्याच्या जुन्या अ‍ॅम्पवर एक जागा वाद्याची आणि एक माइकची अशी असे. म्हणजे गरीब बँडला एकाच डब्यात गिटारही लावता यावी आणि गाणाऱ्याचा माइकही. आजही आपल्याकडच्या डेकोरेशनवाल्याच्या साउंडवर माइक एक, माइक दोन आणि टेपची वेगळी जागा असते. विचार तोच.

युद्ध, भागीदार आणि पहिले अ‍ॅम्प

दुसरं महायुद्ध सुरू झालं. एक डोळा नसल्यामुळे लिओला सैन्यात जावं लागलं नाही. त्याच काळात त्याची क्लेटन कॉफमन यांच्याशी जोडी जमली. सगळे त्यांना डॉक म्हणत. ते मांडीवर आडवी ठेवून लोखंडी पट्टीने वाजवायची गिटार वाजवत. आपल्याकडे तिला हवाईयन गिटार म्हणतात. दोघांनी मिळून के अँड एफ नावाची कंपनी काढली आणि १९४५ पासून हवाईयन गिटार आणि तिच्यासोबत छोटा अ‍ॅम्प असा जोड विकायला सुरुवात केली.

पण धंदा वाढवायचा म्हणजे कर्ज काढायचं. डॉक यांना त्याची धास्ती वाटली आणि १९४६ मध्ये ते बाजूला झाले. लिओने स्वतःच्या नावाने कंपनी उभी केली.

त्या वेळी अमेरिकेत नाचाच्या मोठमोठ्या हॉलमध्ये बँड वाजत. ढोल, पितळी वाद्यं आणि शेकडो नाचणारी माणसं यांच्यात बिचाऱ्या गिटारचा आवाज कुणाला ऐकू येणार? लिओने हीच अडचण पकडली. त्याचे अ‍ॅम्प दणकट होते आणि उघडायला सोपे. रस्त्यात बिघाड झाला तर कुठल्याही गावच्या रेडिओ मेकॅनिकला ते दुरुस्त करता यावेत, असा त्याचा प्रयत्न असे. स्वतः त्या खुर्चीवर बसलेला असल्यामुळे त्याला ते कळत होतं.

पुढचा काळ वेगाने गेला. १९५० मध्ये सपाट लाकडी फळीची इलेक्ट्रिक गिटार आली. तिचंच नाव १९५१ मध्ये टेलिकास्टर झालं. त्याच वर्षी प्रिसिजन बेस आला, ज्यामुळे माणसाएवढा उंच डबल बेस खांद्यावरून वाहायची गरज उरली नाही. त्या बेससाठी १९५२ मध्ये बेसमन नावाचा अ‍ॅम्प आला. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली, जिचा आकार आज गिटार म्हटल्यावर लहान पोरही कागदावर काढतं.

आणि हे सगळं करणाऱ्या लिओला गिटार वाजवता येत नव्हती. मग त्याला कळायचं कसं? तो वादकांना विचारायचा. नवा अ‍ॅम्प तयार झाला की तो क्लबात वाजवणाऱ्या वादकाच्या हातात द्यायचा आणि काय खटकतं ते ऐकून घ्यायचा. कार्यक्रम चालू असताना तो स्टेजवर चढून अ‍ॅम्पची बटणं फिरवायला लागायचा, अशाही गोष्टी त्याच्याबद्दल सांगितल्या जातात.

स्वच्छ आवाजाचं वेड

लिओच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. अ‍ॅम्पने आवाज मोठा करावा, पण तो फाटू देऊ नये. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसासाठी फाटलेला आवाज म्हणजे बिघाडच. म्हणून त्याचा प्रत्येक नवा अ‍ॅम्प आधीच्यापेक्षा जास्त ताकदीचा आणि जास्त स्वच्छ होत गेला.

त्याची परीक्षा घेतली डिक डेल या वादकाने. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉलमध्ये हजारोंच्या गर्दीपुढे तो इतक्या जोरात वाजवायचा की लिओने दिलेले अ‍ॅम्प आणि स्पीकर एकामागून एक जळायचे. लिओ प्रत्येक वेळी नवा बनवून द्यायचा. शेवटी तो आपला सहकारी फ्रेडी टवारेस याला घेऊन स्वतः गर्दीत जाऊन उभा राहिला, तेव्हा त्याला डेलची अडचण कळली, असं सांगितलं जातं. त्यातून शोमन हा दांडगा अ‍ॅम्प आणि त्याच्यासाठी १५ इंची मजबूत स्पीकर तयार झाला.

याच काळात अ‍ॅम्पवरच्या दोन चॅनलना नवा अर्थ आला. १९६३ मध्ये आलेल्या ट्विन रिव्हर्बवर एक चॅनल नॉर्मल होता आणि दुसरा व्हायब्रॅटो. नॉर्मल चॅनल साधा. दुसऱ्यावर आवाज लाटेसारखा वरखाली करायची सोय होती आणि स्प्रिंगच्या साहाय्याने घुमारा देणारा रिव्हर्बही.

इथे एक गंमत आहे. आवाजाची पट्टी डळमळली तर त्याला व्हायब्रॅटो म्हणतात आणि आवाज लहानमोठा झाला तर ट्रेमोलो. लिओने नावांची नेमकी अदलाबदल केली. अ‍ॅम्पवरच्या ट्रेमोलोला तो व्हायब्रॅटो म्हणाला आणि स्ट्रॅटोकास्टरच्या दांड्याला, जो पट्टी डळमळवतो, ट्रेमोलो. ही चूक आज सत्तर वर्षांनंतरही कॅटलॉगमध्ये तशीच छापली जाते.

पण लक्षात घ्या, या अ‍ॅम्पच्या पायबटणाने फक्त रिव्हर्ब आणि व्हायब्रॅटो चालू-बंद होत. एका चॅनलवरून दुसऱ्यावर पायाने उडी मारता येत नव्हती. त्यासाठी गिटारची वायर काढून दुसऱ्या जागी लावावी लागे. कारण एकाच वादकाला एकाच गाण्यात दोन पूर्ण वेगळे आवाज लागतील, अशी मागणी तेव्हा जोर धरून आलेली नव्हती.

ज्याला तो बिघाड म्हणत होता, तेच लोकांना आवडलं

मागणी आली ती वादकांकडून, आणि तीही लिओच्या मनाविरुद्ध. ब्लूज वाजवणाऱ्यांनी बेसमन अ‍ॅम्प बेसऐवजी गिटारसाठी वापरायला सुरुवात केली आणि आवाज पार वर नेला. वाल्व आपल्या मर्यादेपलीकडे गेले की आवाज हळूहळू फाटतो, जाड होतो, स्वर लांबतो. कानाला तो गोड लागतो. बडी गायसारख्या शिकागोच्या वादकांनी त्याच आवाजावर आपलं वादन उभं केलं.

तिकडे लंडनमध्ये जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. ते मूळचे ड्रम शिकवणारे. अमेरिकेतून येणारे फेंडरचे अ‍ॅम्प तिथल्या पोरांना परवडत नसत. म्हणून मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये फेंडर बेसमनचं सर्किट समोर ठेवून स्वतःचा अ‍ॅम्प बनवला. काही भाग वेगळे होते, स्पीकर बंद पेटीत होते, त्यामुळे आवाज जास्त आक्रमक झाला. पुढची सगळी रॉकची लाट त्या आवाजावर आली.

म्हणजे खरखरीत आवाजाचा सगळ्यात प्रसिद्ध अ‍ॅम्प जन्मला तो स्वच्छ आवाजासाठी झटणाऱ्या लिओच्याच आराखड्यातून.

तेरा दशलक्ष डॉलर आणि एक औषध

हे सगळं घडत असताना लिओची तब्येत मात्र ढासळत होती. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून त्याला सायनसचा जंतुसंसर्ग जडला होता. उपचारांनी तो जाईना. वर्षामागून वर्षं गेली तशी अंगातली ताकद कमी होत गेली. आपण आता फार दिवसांचे सोबती नाही, अशी त्याची समजूत झाली. कंपनी वाढली होती, कामगारांचे पगार होते, जबाबदारी होती. हे सगळं आवरून ठेवावं, या विचाराने त्याने कंपनी विकायचं ठरवलं.

विक्रीचं काम बघणाऱ्या डॉन रँडल यांनी बोलणी केली आणि जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बलाढ्य प्रसारण कंपनीने फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. ही रक्कम केवढी होती ते यावरून समजेल. आदल्याच वर्षी सीबीएसने न्यूयॉर्क यँकीज या नावाजलेल्या बेसबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा १ कोटी १२ लाख डॉलरना घेतला होता. गिटार बनवणारी कंपनी त्यापेक्षा महाग पडली.

आणि मग जे झालं ते एखाद्या नाटकात घातलं तर प्रेक्षक विश्वास ठेवणार नाहीत. व्यवहारानंतर लिओने डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरने अँटिबायोटिकचा जबर डोस दिला आणि कित्येक वर्षं छळणारा आजार बरा झाला.

लिओ ठणठणीत झाला. कंपनी मात्र दुसऱ्याची झाली होती आणि तिच्यासोबत त्याचं आडनावही. करारात अट होती की दहा वर्षं त्याने स्पर्धेत उतरायचं नाही. काही वर्षं तो सीबीएसचा सल्लागार होता, पण निर्णय घेणारे दुसरे होते. सीबीएसच्या काळात दर्जा घसरला असं मानणाऱ्या वादकांनी १९६५ पूर्वीच्या मालाला वेगळं नावच पाडलं, प्री-सीबीएस. आजही जुन्या बाजारात त्या शब्दाने किंमत वर जाते.

अटीची मुदत सरता सरता तो म्युझिक मॅन या कंपनीत उतरला आणि १९७५ मध्ये तिचा अध्यक्ष झाला. तिथे प्रीअ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा आणि पॉवर अ‍ॅम्प वाल्वचा असे मिश्र अ‍ॅम्प निघाले. १९७६ मध्ये स्टिंगरे बेस आला, ज्याच्या पोटातच बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प होता. पण भागीदारांशी पटेना. १९७९ मध्ये एस्थर कॅन्सरने गेली. १९८० मध्ये त्याने फिलिस थॉम्पसन हिच्याशी दुसरं लग्न केलं. त्याच सुमारास जुना सहकारी जॉर्ज फुलर्टन याच्यासोबत त्याने तिसरी कंपनी उभी केली. फेंडर हे नाव वापरता येणार नव्हतं. म्हणून तिचं नाव झालं जी अँड एल. जॉर्जचा जी आणि लिओचा एल.

उतारवयात त्याला पार्किन्सन्स झाला. तरी रोज कारखान्यात जाणं सुटलं नाही. २१ मार्च १९९१ रोजी तो गेला. आदल्या दिवशीही तो आपल्या कामाच्या टेबलाशी होता, असं त्याच्या जवळचे लोक सांगतात. दुसऱ्या वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं.

मग पायाने चॅनल बदलायचं कुणी आणलं?

तेही लिओच्याच अ‍ॅम्पमधून आलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातलाच रँडल स्मिथ नावाचा दुरुस्तीवाला फेंडरच्या छोट्या प्रिन्स्टन अ‍ॅम्पमध्ये मोठं सर्किट आणि १२ इंची स्पीकर कोंबत होता. कार्लोस सँटानाने तो वाजवून बघितला आणि या उद्योगाला बूगी हे नाव मिळालं. पुढे स्मिथने प्रीअ‍ॅम्पमध्ये आवाज वाढवणारे टप्पे एकापुढे एक जोडले, त्यामुळे कमी आवाजातही खरखर मिळू लागली. मग त्याच्या मेसा बूगी कंपनीच्या मार्क टू या अ‍ॅम्पमध्ये स्वच्छ आणि खरखरीत अशा दोन्ही वाटा पायबटणाने बदलायची सोय आली.

लिओचा स्वच्छ आवाज आणि वादकांनी त्याच्याकडून हिसकावून घेतलेला फाटका आवाज, दोन्ही एकाच डब्यात आले. आजचा मल्टी-चॅनल अ‍ॅम्प म्हणजे हाच डबा.

आता तुमच्या अ‍ॅम्पचं काय?

दुकानात गेल्यावर लिओची गोष्ट डोक्यात ठेवली तर निवड सोपी होते.

आधी स्वच्छ चॅनल ऐका. खरखर देणारे पेडल स्वस्तात मिळतात, पण मुळातला स्वच्छ आवाज पातळ असेल तर तो कुठल्याही पेडलने सुधारत नाही. स्वतःची गिटार सोबत न्या आणि त्यावरच ऐका.

मग विचारा की दोन चॅनलना बेस-ट्रेबलची बटणं वेगळी आहेत की सामाईक. सामाईक असतील तर एका चॅनलचा आवाज जुळवताना दुसऱ्याचा बिघडतो. निदान दोन्हीचा व्हॉल्यूम तरी वेगळा हवाच. नाहीतर पायबटण दाबताच गिटार गाणाऱ्याच्या अंगावर जाते किंवा एकदम गायब होते. पायबटण सोबत मिळतं की वेगळे पैसे पडतात, तेही तिथेच विचारून घ्या. घुमारा किंवा इको देणारे पेडल वापरत असाल तर मागे इफेक्ट्स लूपची जागा आहे का ते बघा. तिथे जोडलं की प्रीअ‍ॅम्पची खरखर आधी आणि इको नंतर येतो, आवाज गढूळ होत नाही.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. मंडईच्या स्टेजवर डेकोरेशनवाल्याचा साउंड असतोच. अ‍ॅम्पसमोर एक माइक लावला की १५-२० वॅटचा वाल्व अ‍ॅम्पही गावभर पोचतो. ८५ वॅटचा ट्विन रिव्हर्ब जवळपास २९ किलोचा भरतो. रात्री दोन वाजता तो गाडीत कोण चढवणार, याचाही विचार करा.

तीन-चार चॅनल हवेत का? तुमच्या कार्यक्रमात खरोखर किती वेगळे आवाज लागतात ते एका कागदावर लिहा. बहुतेकांचं काम स्वच्छ, थोडा फाटका आणि पूर्ण फाटका एवढ्यात भागतं. दोन चांगले चॅनल आणि एक पेडल यात ते बसतं. एका रात्रीत पाच प्रकारची गाणी वाजवणाऱ्याला डिजिटल मॉडेलिंगचा अ‍ॅम्प सोयीचा पडतो. तो हलका असतो आणि त्यात आवाज साठवून ठेवता येतात. पण तो बिघडला तर दुरुस्ती गावात होईल का, हा प्रश्न लिओनेही विचारला असता.

आणि शेवटची गोष्ट जिवाची आहे. अमेरिकेतून कुणी अ‍ॅम्प आणला तर तो १२० व्होल्टचा असतो. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळून जाईल, त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. लिओच्या काळातल्या जुन्या अ‍ॅम्पना दोन पिनांचाच प्लग असे, म्हणजे अर्थिंग नाही. गावच्या स्टेजवर जनरेटर असो की आकडा टाकलेली लाइन, गिटार हातात आणि ओठ माइकला लागले की झटका बसू शकतो. त्यामुळे तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा करू नका आणि वाजवायला बसण्याआधी डेकोरेशनवाल्याकडून अर्थिंग तपासून घ्या.